खेळाडूंच्या गुडघ्या-खांद्यांचा सर्जन व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अकरावी-बारावीची मुलं विचारतात, एमबीबीएसचे ज्युनिअर विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त उत्सुक असलेले त्यांचे आईवडीलही विचारतात. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी गुडघा आणि खांद्याची दुर्बिणीची ऑपरेशनं करतो. त्यामुळे ही उत्तरं इथल्या ओपीडीत बसून दिलेली आहेत. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन यातली काही वेगळी देईल.

फिजिओ, स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर आणि तुम्ही, यांत फरक काय?

फिजिओथेरपिस्ट बीपीटी आणि पुढे एमपीटी केलेला असतो. स्नायूंची ताकद परत आणणं, चाल सुधारणं, खेळाडूला टप्प्याटप्प्याने मैदानावर नेणं हे त्याचं काम. एमडी स्पोर्ट्स मेडिसिन ही एमबीबीएसनंतरची तीन वर्षांची वेगळी पदवी आहे. हे डॉक्टर दुखापतीचं निदान, औषधं, इंजेक्शनं आणि खेळाडूंच्या तब्येतीचा एकूण कारभार बघतात, ऑपरेशन करत नाहीत. आम्ही मुळात हाडांचे डॉक्टर. एमएस ऑर्थो किंवा डीएनबी (दोन्ही एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर पदव्या) झाल्यावर आर्थ्रोस्कोपी, म्हणजे सांध्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि खेळातल्या दुखापतींचं जादा शिक्षण घेतलेले.

पाटीवर ‘स्पोर्ट्स इंज्युरी स्पेशालिस्ट’ असं तिघंही लिहितात, म्हणून पाटीखालची पदवी वाचा. तुम्हाला कापायचं-शिवायचं नसेल पण खेळाडूंसोबत राहायचं असेल, तर पहिल्या दोन वाटा जास्त बऱ्या. खेळाडू आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ फिजिओबरोबर घालवतो.

बारावीनंतर एकूण किती वर्षं लागतात?

हिशेब मांडू. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. मग नीट-यूजी, ७२० गुणांची. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी, जिच्या तयारीत बहुतेकांचं निदान एक वर्ष जातं. एमएस किंवा डीएनबी ऑर्थो तीन वर्षं. त्यानंतर फेलोशिप, म्हणजे एकाच विषयाचं जादा शिक्षण, एक ते दोन वर्षं. अठराव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा सगळं सुरळीत झालं तर तिशीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या जबाबदारीवर गुडघा उघडतो. मधे बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) आला, एखादा प्रयत्न हुकला, की आणखी दोन वर्षं.

पालकांना हा आकडा सांगितला की खोलीत जरा शांतता पसरते. मुलं मात्र ‘चालेल’ म्हणतात, कारण अठराव्या वर्षी तीस हा आकडा खरा वाटत नाही.

बॉण्डचं काय?

महाराष्ट्रात सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्षाची सरकारी सेवा, पदव्युत्तर केलं की पुन्हा एक वर्ष. सेवा टाळायची तर दंड: एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख. माझं मत विचाराल तर सेवा करा. ग्रामीण रुग्णालयात एकट्याने निखळलेला खांदा बसवताना जे शिकाल ते पाच सीनिअर मागे उभे असताना शिकता येत नाही.

ऑर्थोच्या तीन वर्षांत खेळाडू बघायला मिळतात का?

फारच कमी. सरकारी हॉस्पिटलातला जेआर-वन (पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट) म्हणजे कॅज्युअल्टी, प्लास्टर रूम आणि ट्रॅक्शनची वजनं. रात्री दोन वाजता हायवेवरचा अपघात येतो, नडगीचं हाड बाहेर आलेलं असतं, तुम्ही सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतून ती जखम धुता. सकाळी राउंडला सीनिअर विचारतात, प्लास्टरचा स्लॅब कोणी घातला, टाच का मोकळी ठेवली नाही. मधल्या वेळात थीसिस.

हे सगळं खेळाडूंच्या कामापासून लांबचं वाटतं, पण तसं नाही. आर्थ्रोस्कोपी बिघडली तर उघडून करता आली पाहिजे, आणि ती हिंमत फ्रॅक्चरं जोडूनच येते. ‘मला फक्त स्पोर्ट्सच करायचंय, ट्रॉमात (अपघातांच्या कामात) रस नाही’ म्हणणारा जेआर मला काळजीत टाकतो.

फेलोशिप कुठे करायची?

राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी स्पोर्ट्स मेडिसिन दोन वर्षांची आहे आणि तिला प्रवेश परीक्षा आहे. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही वेगवेगळ्या विषयांच्या फेलोशिप चालवतं. दिल्लीत सफदरजंग हॉस्पिटलचं स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर आहे, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झालेलं. शिवाय मुंबई, पुणे, कोइम्बतूर इथल्या मोठ्या आर्थ्रोस्कोपी सर्जनांकडे थेट काम करण्याची रीत आहे. मानधन जेमतेम असतं.

निवडताना एकच चौकशी करा, तीही आधीच्या फेलोकडे: तुझ्या हातात स्कोप (दुर्बीण) कधी दिला? काही ठिकाणी वर्षभर पाय धरून उभं राहावं लागतं. सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना सारखंच मिळतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन शिकायला अवघड आहे का?

सुरुवातीला विचित्र वाटतं. गुडघ्याच्या वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक सेंटिमीटरचे छेद असतात. एकातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. सलाइनच्या तीन-तीन लिटरच्या पिशव्या टांगलेल्या, सांधा पाण्याने फुगवलेला. तुमचे हात खाली आणि नजर समोरच्या स्क्रीनवर. त्यात दुर्बिणीचं टोक ३० अंशांत तिरकं कापलेलं असतं, म्हणजे ती सरळ धरली तरी बघते बाजूला. लाइटची केबल फिरवली की दुर्बीण जागची न हलता दृश्य बदलतं. नवखा माणूस केबल फिरवायच्या ऐवजी अख्खी दुर्बीण ढकलतो आणि कूर्चेवर ओरखडा उठतो. तो ओरखडा भरून येत नाही.

म्हणून आधी मॉडेलवर, मग देहदानातून मिळालेल्या गुडघ्यांवर कॅडॅव्हर लॅबमध्ये हात बसवतात. खऱ्या रुग्णात पहिले कित्येक महिने फक्त फेरी मारायची: वाटीच्या वरचा कप्पा, वाटीची मागची बाजू, आतल्या बाजूची गादी (दोन हाडांमधली मऊ चकती, मेनिस्कस), मधली खाच, बाहेरची गादी. क्रम ठरलेला. घाईने थेट फाटलेल्या गादीकडे जाणाऱ्याची दुसरी दुखापत हमखास नजरेतून सुटते.

हे तंत्र जपानमध्ये वाढलं. टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटक्या गादीचा तुकडा काढला तो सतरा वर्षांच्या एका बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या गुडघ्यातून. म्हणजे सुरुवातच खेळाडूपासून झाली.

सगळे एसीएल-एसीएल का करतात?

कारण आमच्या ओपीडीचा मोठा भाग तोच असतो. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं, मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधणारं लिगामेंट. पाय जमिनीत रोवलेला आणि धड गर्रकन वळलं की ते तुटतं. बऱ्याचदा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो.

आमच्याकडे कबड्डी. चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावतो, मागून घोटा पकडला जातो, पुढचा पाय मॅटला चिकटलेला. मातीवर पाय थोडा घसरायचा, बूट घालून मॅटवर तो घसरत नाही. ‘कट्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू येतो, आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो, कारण आत रक्त साचतं. ही खूण इतकी बोलकी आहे की फोनवर ऐकूनसुद्धा अंदाज येतो.

पुढे होतं काय, तर मैदानावरच कोणीतरी पाय ओढतो. घरी हळद-तुरटीचा लेप, मग हाडवैद्याकडे मालिश. तीन आठवड्यांनी सूज उतरते, एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो कारण लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही, आणि पोरगं परत खेळायला लागतं. आमच्याकडे येतं तेव्हा चार महिने झालेले असतात, तक्रार ‘सर, गुडघा सटकतो’ अशी असते, आणि दर सटकण्यासोबत आतली गादी चिरडत गेलेली असते. पहिल्या आठवड्यात एका साध्या तपासणीत हे कळलं असतं: गुडघा जरासा वाकवून एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. हिला लॅकमन टेस्ट म्हणतात. एमबीबीएसच्या मुलांनो, हातांना ही एवढी सवय लावा. एमआरआय नंतर येतो.

ऑपरेशनात तुटलेलं लिगामेंट शिवत बसत नाहीत, बहुतेक वेळा नवीन बसवतात. त्याच रुग्णाच्या मांडीमागचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), वाटीखालचा हाडासकट कंडरा किंवा घोट्याजवळचा पेरोनियस काढतात. शेजारच्या छोट्या टेबलावर सहायक तो साफ करतो, दुमडतो, टोकं धाग्याने विणतो, जाडी मोजतो. आठ मिलिमीटरच्या खाली भरला की सगळ्यांचे चेहरे पडतात, कारण बारीक ग्राफ्ट (बसवायचा कंडरा) लवकर तुटतो. मग व्हँकोमायसिनच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवतात, जंतुसंसर्ग टाळायला. तोवर सर्जन मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडतो. बोगदा चार मिलिमीटर पुढे गेला तर ऑपरेशन दिसायला सुंदर आणि उपयोगाला शून्य.

मग या पेशातलं सगळ्यांत अवघड काम बोगदा पाडणं?

नाही. ‘अजून नाही’ म्हणणं.

नवा ग्राफ्ट बसवला त्या दिवशी सर्वांत मजबूत असतो. त्यानंतर त्याचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असल्याने तो आधी कमजोर होतो, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या येतात आणि त्याचं लिगामेंट व्हायला लागतं. दोन-अडीच महिन्यांनी सूज नसते, दुखत नाही, पोरगं जिना धडाधड उतरतं, आणि नेमका तेव्हा ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो. त्याच सुमारास प्रशिक्षकांचा फोन येतो: ‘सर, जिल्हा निवड चाचणी आहे, पट्टा बांधून खेळू दे का?’

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरत गेलं. नऊ महिन्यांनंतरही कॅलेंडर बघून सोडायचं नाही. एका पायावरच्या उड्या, मांडीची ताकद हे सगळं चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरलं पाहिजे. आणि मनातली भीती गेली पाहिजे. खेळाडू वळताना पाय कसा टाकतो हे बघितलं की ती कळते.

दुसरं अवघड ‘नाही’ म्हणजे ऑपरेशनच नको म्हणणं. एमआरआयच्या रिपोर्टात पन्नाशीच्या माणसाची गादी बऱ्याचदा फाटलेली दिसते, तिची दर वेळी डागडुजी करायची नसते. व्यायामाने बरं होणारं गिऱ्हाईक ऑपरेशनला घेतलं तर पैसे मिळतात, झोप उडते. ऋषभ पंतचं उदाहरण सगळे देतात: डिसेंबर २०२२ मध्ये अपघात, जानेवारीत मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, मार्च २०२४ मध्ये आयपीएल. मला त्यातलं ऑपरेशन आठवत नाही, मधले चौदा महिने आठवतात. एवढ्या मोठ्या खेळाडूला एवढा काळ बसवून ठेवायला मागे माणसं लागतात. तालुक्याच्या संघातल्या मुलामागे तशी माणसं कोणी नसतात. तिथे आई, फिजिओ आणि तुम्ही.

म्हणजे ऑपरेशननंतर खेळाडू पहिल्यासारखा होतो का?

होऊ शकतो. नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी केलं. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर फेकून टोकियोची पात्रता मिळवली, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याही आधीची गोष्ट अमेरिकेतली. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसचे फ्रँक जोब यांनी बेसबॉलपटू टॉमी जॉनच्या कोपरात मनगटाकडचा कंडरा बसवला. तेव्हा यश मिळण्याची शक्यता त्यांना शंभरात एक वाटत होती. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज त्या ऑपरेशनला सर्जनचं नव्हे, खेळाडूचं नाव आहे.

सगळ्यांचं असं होत नाही, हे रुग्णाला ऑपरेशनच्या आधी सांगायचं असतं, नंतर नाही.

तुमचे सगळे रुग्ण खेळाडू असतात का?

छे. दुचाकीवरून पडलेले, शेतात बांधावरून घसरलेले, पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळून नडगीला बारीक तडा पाडून घेतलेले, लग्नात नाचताना गुडघा मुरगळलेले मामा. श्रावणात दहीहंडी झाली की गोविंदा. भरतीवाली मुलं मला विशेष वाटतात: बूट फाटके, मैदानाची तारीख दोन आठवड्यांवर, आणि त्यांना विश्रांती सांगायची. स्टेडियमच्या झगमगाटासाठी इकडे येत असाल तर वर्षाकाठी फार थोडे दिवस तो दिसेल.

टीमचा डॉक्टर व्हायला मिळतं का? पैसे मिळतात?

मिळतं, सुरुवात जिल्हा स्पर्धेपासून करा. मानधन बहुधा नारळ आणि शाल. मैदानावर काम हाडांचं कमी आणि बाकीचंच जास्त: डोक्याला मार लागलेल्याला पुन्हा उतरू न देणं, उन्हाने चक्कर आलेला, पेटके, फुटलेली भुवई. बाटलीतला स्प्रे मारून पळवण्याची घाई सगळ्यांना असते. तिथे तुम्ही संयोजकांचे पाहुणे आहात हे विसरून खेळाडूचे डॉक्टर म्हणून उभं राहावं लागतं.

आणखी एक गोष्ट याच वाटेवर भेटते. ‘सर, वय दोन वर्षांनी कमी लिहून द्या’ किंवा ‘तंदुरुस्त असल्याचा दाखला द्या, खेळणार तोच आहे.’ मागणारे ओळखीचे असतात, कधी तुम्हाला रुग्ण पाठवणारेही असतात.

डोपिंगचा सर्जनशी काय संबंध?

थेट आहे. १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कोणतंही इंजेक्शन, सांध्यात दिलेलंसुद्धा, बंदी असलेल्या यादीत आहे. दुखऱ्या खांद्यात नेहमीच्या सवयीने ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलं तर ते निघून जायला किमान १० दिवस धरतात. तेच स्नायूत दिलं तर ६०. रुग्णाला खरंच गरज असेल तर उपचारासाठी सूट मागायचा अर्ज असतो, तो भरून द्यायचा. म्हणून प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी मी विचारतो: पुढची स्पर्धा कधी? कंबरेत ‘सुई’ मारून आलेल्या पहिलवानाला ती कसली होती हे माहीत नसतं, मग त्या डॉक्टरांना फोन.

मुलींनी ऑर्थो घ्यावं का? ताकद लागते ना?

घ्यावं. निखळलेला खांदा तंत्राने बसतो. मोडलेली मांडी ओढायला टेबल असतं. आर्थ्रोस्कोपीत तर ताकद लावणाराच नुकसान करतो. खरी अडचण वेगळी आहे: रात्रीची ड्यूटी, स्वच्छतागृह नसलेली डॉक्टर्स रूम, गरोदरपणात सी-आर्मचं (ऑपरेशनच्या वेळी वापरायच्या एक्स-रे यंत्राचं) रेडिएशन, आणि ‘मॅडम, डॉक्टर कधी येणार?’ असं मॅडमलाच विचारणारे नातेवाईक. दुसऱ्या बाजूने बघा: वळण्या-उड्यांच्या खेळांत मुलींचं एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दोन ते आठ पट सांगितलं जातं, आणि गावाकडची खेळाडू पोरगी मांडीपर्यंत सलवार वर करायला संकोचते. तिला डॉक्टर बाई असेल तर ती दुसऱ्या दिवशी येते, चौथ्या महिन्यात नाही.

कमाई किती?

फेलोशिप संपल्यावर दोन वाटा. मोठ्या हॉस्पिटलात पगार किंवा बिलात हिस्सा, नाहीतर स्वतःचं किंवा चार-पाच हॉस्पिटलांत व्हिजिटिंग. व्हिजिटिंग सर्जन कॅमेरा, शेव्हर (सांध्यातलं फाटकं खरवडून काढणारं यंत्र) आणि हत्यारांचा स्वतःचा संच गाडीच्या डिकीत घेऊन फिरतो, सोबत तो संच ओळखणारा माणूस. संच लाखांत जातो, आणि शेव्हरचं ब्लेड, ग्राफ्ट अडकवायचे स्क्रू, बटण प्रत्येक वेळी नवं. म्हणून बिलातला मोठा भाग सर्जनच्या खिशात जात नाही. बहुतेक शाळकरी खेळाडूंना विमा नसतो. वडील विचारतात, ‘स्वदेशी स्क्रू चालेल का?’ चांगला असेल तर चालतो, आणि तसं स्पष्ट सांगावं.

कट प्रॅक्टिसबद्दल कोणी विचारत नाही, मीच सांगतो. रुग्ण पाठवल्याबद्दल पाकीट मागणारे भेटतील, पाकीट नाही म्हटलं की पहिली तीन-चार वर्षं ओपीडी रिकामी राहील. घरचा हप्ता मोठा असेल तर ही वर्षं काढणं जड जातं. कर्ज काढून आलिशान हॉस्पिटल बांधण्याआधी याचा विचार करा.

परदेशात जायचं असेल तर?

अमेरिकेत मेडिकल स्कूलनंतर पाच वर्षं ऑर्थोची रेसिडेन्सी आणि एक वर्ष स्पोर्ट्स फेलोशिप असते. बाहेरून आलेल्याला तिथे ऑर्थोची जागा मिळणं अतिशय कठीण आहे. त्यामुळे बहुतेक जण इथे एमएस करून ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलियात वर्षभराची फेलोशिप करतात. काही आठवड्यांची ‘ऑब्झर्व्हरशिप’ म्हणजे नुसतं बघणं, हात लावायचा नाही. ती वाईट नाही, पण पाटीवर लिहिताना फेलोशिप म्हणू नका.

मी एमबीबीएसला आहे. एक दिवस तुमच्यासोबत थांबता येईल का?

येईल. कॉलेजचं पत्र आणा. ओपीडीत रुग्णाची परवानगी मी घेईन. तो नको म्हणाला तर बाहेर थांबायचं. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) मोबाइल नाही, रुग्णाचा फोटो तर नाहीच. सकाळी पोटभर खाऊन या, उपाशी उभे राहणारे बोगदा पाडायच्या वेळी हमखास भिंतीला टेकतात. दुपारनंतर फिजिओच्या खोलीतही बसा, तिथे नऊ महिने कसे जातात ते दिसेल. लॅकमन टेस्ट दोन-चार मित्रांच्या चांगल्या गुडघ्यांवर करून या, म्हणजे माझ्या रुग्णाचा गुडघा हातात आल्यावर फरक कळेल.